मॉसमधले कोळी मोजायचे कसे?

प्रश्न : युरोपातल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) दलदलींत वाढणाऱ्या स्फॅग्नम नावाच्या मॉसमधल्या कोळ्यांवर काम झालंय. तसंच काही पावसाळ्यात सिंहगडावर करायचं आहे. सरावासाठी बागेत मॉसच्या कडेला प्लॅस्टिकचे पेले पुरले. त्यात बहुतेक लांडगा कोळीच पडले, बारीक कोळी अगदी तुरळक. मग मॉसमध्ये लांडगा कोळीच जास्त, असं लिहू का? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : नका लिहू. पेल्यातून कोळी किती आहेत ते कळत नाही, किती हिंडले ते कळतं. लांडगा कोळी धावून शिकार करतात, त्यात नर माद्यांच्या शोधात भटकतात, ते पडणारच. मॉसच्या काड्यांत जाळं लावून बसलेला दोन मिलिमीटरचा कोळी पेल्यापर्यंत येईलच कशाला?

पेले हालचालीपुरते ठेवा. काठ जमिनीशी अगदी सपाट हवा. जरा वर राहिला तरी कोळी वळून जातो. पावसात मॉस फुगतं, म्हणून काठ दर खेपेला तपासा. खड्डा खणल्यावर सुरुवातीचे काही दिवस आकडे उगाच फुगतात, तेव्हा पहिला आठवडा पेला झाकून ठेवा. आत मिठाचं दाट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घाला. साबण नसेल तर हलके कोळी पाण्यावर तरंगून निसटतात. वर खिळ्यांवर टेकवलेली ताटली हवीच.

संख्येसाठी मात्र मॉसच कापून आणायला हवं. १० × १० सेंमीचा तुकडा पटकन उचलून पिशवीत बंद करा आणि त्याच दिवशी नरसाळ्यात लावा. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग उलटा, त्यात ३ मिमीची जाळी, जाळीवर मॉस हिरवी बाजू खाली करून, आणि तळाशी ७० टक्के अल्कोहोल. वर २५ वॅटचा बल्ब. एलईडी उपयोगाचा नाही, इथे उजेडापेक्षा उष्णता हवी. पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत तारेचा पिवळा बल्ब विचारा. पहिल्या दिवशी तो उंच धरा, मग रोज थोडा खाली. घाई केलीत तर वरचा थर कडक वाळतो आणि पिल्लं आतच मरतात. चार-पाच दिवसांनी उरलेलं मॉस पांढऱ्या ट्रेवर हाताने विंचरा. अंड्यांच्या पिशव्या काही चालत खाली येत नाहीत!

थरांचा मुद्दा, म्हणजे कोणता कोळी मॉसमध्ये किती खोल राहतो हा, जपून हाताळा. डेन्मार्कमधल्या १९५१च्या अभ्यासात एकाच स्फॅग्नममध्ये दोन लांडगा कोळ्यांपैकी पार्डोसा वरच्या उन्हात, तर पिराटा खालच्या गार काड्यांत आढळला; पिराटाची मादी अंड्यांची पिशवी उबवायला तेवढी वर येते. तिथे दिवसभरात पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३० अंशांनी बदलायचं, १० सेंमी खाली जेमतेम ५ अंशांनी. आपल्या कातळावरचं मॉस पातळ, खाली पीट नाही. त्यामुळे खोलीऐवजी सावलीची आणि उन्हाची बाजू ताडून पाहा.

सिंहगडावर चिमूटभर मॉस काढायलाही आधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या. जाती प्रौढांवरूनच ठरवा, त्याही सूक्ष्मदर्शकाखाली जननांग पाहून. अडलंत तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. पिल्लांचा रकाना वेगळा ठेवा. त्यांची नोंद कुळापर्यंतच.