भाऊ दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आलाय, गोळ्या चालू आहेत. मग त्याला पुन्हा दारुड्यांच्याच मीटिंगला पाठवायची गरज आहे का? आणि किती वर्षं जावं लागेल?

तुमच्या प्रश्नातला 'दारुड्यांच्याच' हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (ए.ए., दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे ग्रुप) मीटिंगबद्दल माझा दादाही हेच म्हणायचा. "बुडणाऱ्यानं बुडणाऱ्याला कसलं तारायचं? डॉक्टर कशाला आहेत?"

मला दारू सोडून वर्ष पूर्ण व्हायला तीनेक आठवडे उरले असताना स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलो. एकच रात्र. घरात कळलं नाही, डॉक्टरांनाही नाही. गोळी गालात धरून बायकोसमोर घटाघटा पाणी प्यायची कला मी केंद्रातच शिकलो होतो (तुमचा भाऊही शिकला असेल, रागावू नका). मग आला माझा सोबरायटीचा, म्हणजे दारू सोडल्याचा, पहिला वाढदिवस. दादा मुद्दाम आला, पुढच्या रांगेत बसला. मी मेडल घेतलं, अर्धा तास बोललो, दोघं-तिघं रडले. दादानं फोटो काढून तिथूनच सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

मीटिंग संपल्यावर मी खुर्च्या आवरत होतो. आमच्यातले एक काका, बावीस वर्षं सोबर, खुर्ची दुमडताना म्हणाले, "आज कितवा दिवस?"

"वर्ष झालं की काका."

"मेडलचं नाही विचारलं."

मी खुर्चीकडे बघत म्हणालो, "एकोणीस."

"अर्धा तास बोललास, पण शेवटची प्यायलास ती तारीख एकदाही तोंडातून आली नाही. मी असंच चार महिने रेटलं होतं." एवढंच. ना प्रवचन, ना "घरच्यांचा विचार कर". पुढच्या मीटिंगला मी मेडल परत केलं. दादा भडकला, "म्हणजे तुमचा ग्रुप फेल!" अरे, पकडलं कुणी? तू तर टाळ्या वाजवत होतास.

'डॉक्टरच पुरे' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. 1935 साली अमेरिकेत अक्रन गावी बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याचा सौदा फिसकटल्यावर हॉटेलात उभा होता. समोर बार, आणि त्याला दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. बारमध्ये जाण्याऐवजी त्यानं फोन फिरवत बोलायला दुसरा दारुडा शोधला. तो सापडला तो बॉब स्मिथ, स्वतः सर्जन! आणि तेही या भेटीनंतर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन आले. त्यांची शेवटची दारू 10 जून 1935ची. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस तोच आपला स्थापना दिवस मानते. दादाला पुरावा हवा होता म्हणून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा 2020चा आढावाही पाठवला होता. 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं. सलग दारूपासून लांब राहण्यात ए.ए. आणि तिच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाकडे वळवणारे उपचार इतर समुपदेशनापेक्षा सरस ठरले. त्यानं उघडलाही नाही.

तर हो, पाठवा. पाठवा म्हणजे जाऊ द्या, ढकलू नका. एक ग्रुप नाही पटला तर दुसरा बघू दे, माझा तिसरा जमला. परत आल्यावर "काय बोललात?" विचारायचं नाही. तुमची स्वतःची झोप उडाली असेल तर घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, 1951पासून. किती वर्षं जावं लागेल म्हणून तुम्ही शेवटी विचारलंय. मी अजून जातोय.

हे आधी सांगायला हवं होतं: ग्रुपमधलं कुणी "गोळ्या सोड, तीही नशाच" म्हणालं तर ऐकायचं नाही, मग तो तीस वर्षं सोबर का असेना. गोळ्यांचं डॉक्टर ठरवतील. उद्या स्लिप होऊन पिणं पुन्हा रोजचं झालं, तर घरात कोंडून एकदम बंद करू नका. फिट येऊन माणूस दगावू शकतो, थेट दवाखाना गाठा. आणि ए.ए.मधली देवाची भाषा त्याला झेपत नसेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे वेगळ्या वाटेचे ग्रुपही आहेत.

दादा, हे वाचत असशील तर तो फोटो फॅमिली ग्रुपवरून काढ. नऊ वर्षं सांगतोय, तारीख चुकीची आहे.