मॅकिंटॉश: आडनावात दडलेलं 'चा'

प्रश्न असा आलाय: 'मॅकिंटॉश या स्कॉटिश आडनावाचा अर्थ काय? मॅक म्हणजे मुलगा, तर मग बाईचं आडनाव मॅकिंटॉश कसं? आणि एम-ए-सी लिहिणारे स्कॉटिश, नुसतं एम-सी लिहिणारे आयरिश, हे खरं का?'

शेवटचं आधी उरकतो. खरं नाही. एम-सी हा एम-ए-सीचा निव्वळ संक्षेप, आपल्या 'चि.' नाहीतर 'रा. रा.' सारखा. दोन्ही लेखनं दोन्ही देशांत चालतात.

आता मॅकिंटॉश. इंग्रजीत एकसंध दिसणारं हे आडनाव स्कॉटिश गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत, तीन सुटे शब्द आहेत: मॅक, अन, तोशिख. मॅक म्हणजे मुलगा. 'अन' हे इंग्रजीतल्या 'द'सारखं उपपद. मॅकिंटॉशमधला तो अनुस्वार त्याचीच खूण. आणि 'तोशख' म्हणजे म्होरक्या, जो पुढे असतो तो. मॅकिंटॉश म्हणजे म्होरक्याचा मुलगा.

पण यात 'चा' कुठे आहे? तो वेगळा दिसत नाही, शब्दातच मुरलेला असतो. तोशखचं षष्ठीत तोशिख होतं. आपण 'घोडा'चं 'घोड्या' करून मग 'चा' लावतो. गेलिकमध्ये सामान्यरूपावरच काम भागतं. विशेषनामांची तर आणखी गंमत. मॅकडोनाल्डमध्ये 'डोनाल्ड'चा शेवट बदलतोच, शिवाय सुरुवातीचा 'ड' घासला जाऊन 'घ'च्या जवळ जातो. आपल्याकडे शब्दाची नुसती शेपटी बदलते, त्यांच्याकडे तोंडसुद्धा.

ही युक्ती कळली की बाकीची आडनावं भराभर उलगडतात. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा, मॅकटॅगर्ट म्हणजे धर्मगुरूचा, मॅकेन्झी म्हणजे केनेथचा. आणि इंग्रजी शिक्षणाच्या १८३५च्या टिपणापासून आपण ज्याच्या नावाने खडे फोडतो तो मॅकॉले म्हणजे ओलाफचा मुलगा. इंग्रजीचा एवढा कैवार घेणाऱ्याचं आडनाव मात्र गेलिक साच्यात ओतलेलं नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांचं नाव!

बायकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. गेलिकमध्ये बाई 'मॅक' लावतच नाही, 'निक' लावते. 'मॅकची मुलगी' अशा अर्थाच्या दोन शब्दांचा तो आक्रसलेला अवतार आहे. गेलिक बोलणाऱ्यांत हा भेद आजही पाळतात. इंग्रजीत मात्र 'मॅक'चा अर्थच विरून गेला आणि सरसकट सगळ्यांना एकच आडनाव चिकटलं.

अर्थ विरला तो आणखी एका बाबतीत. सुरुवातीला 'मॅक'पुढे खऱ्या बापाचं नाव असे, म्हणजे ते दर पिढीला बदलणार, आपल्या मधल्या नावासारखं. पुढे कुळाच्या मूळ पुरुषाचं नाव कायम झालं, आणि त्याच्या आश्रयाला आलेली कुळंसुद्धा तेच लावू लागली. तेव्हा प्रत्येक मॅकडोनाल्ड त्या मूळ डोनाल्डच्या रक्ताचा, असं धरून चालू नये. उलट नाव टाकावंही लागे. १६०३मध्ये मॅकग्रेगर हे आडनाव लावणंच गुन्हा ठरलं, शिक्षा थेट मरणाची. माणसं मरे, ड्रमंड, कॅम्बेल म्हणवून घेऊ लागली. मधली काही वर्षं ही बंदी उठली होती, पण कायमची उठली ती १७७४ला.

मॅकिंटॉश मुंबईलाही अनोळखी नाही. इथले रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४मध्ये जी लिटररी सोसायटी काढली, तीच पुढे टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी झाली. पावसाळी कोटाला मॅकिंटॉश म्हणतात ते ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशवरून. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याचं त्याचं पेटंट १८२३चं. त्याच्या आडनावात इंग्रजी 'के' नव्हता, कोटाच्या स्पेलिंगमध्ये तो शिरला. देवनागरीत हा घोटाळा दिसत नाही, तेवढीच सोय.

राहता राहिला तोशख. आयर्लंडच्या पंतप्रधानाला आयरिशमध्ये 'टीशख' म्हणतात, तो याच शब्दाचा सख्खा भाऊ. मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं नाव आडनावात वागवणारे लिओ वराडकर २०१७मध्ये टीशख झाले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांना नुसतं पंतप्रधान म्हटलं. चुकलं काहीच नाही. फक्त त्या पदावर बसणाऱ्या कुणाचाही मुलगा शब्दशः मॅकिंटॉश ठरतो, ही गंमत तेवढी हुकली.