मांजरीचे ओरखडे काचकागदाने घासून जातात का?

सागाच्या कपाटावर मांजरीने काढलेले ओरखडे काचकागदाने घासून वर पॉलिश केले तर जातील का, असे आपण विचारले आहे. कृपया काचकागद आज तरी हातात घेऊ नका. याच घाईपायी वडिलांचे लिहिण्याचे टेबल आमच्या हातून खराब झाले आणि त्याचा ठपका आजतागायत मांजरीवर आहे.

आमच्या मनीने त्या टेबलाच्या उजव्या बाजूवर सात ओरखडे काढले होते. ते पाहताच दादाने मिळेल तो जाडाभरडा काचकागद आणून उभे-आडवे घासायला सुरुवात केली. निदान ओरखडा किती खोल आहे ते आधी बघ, असे मी सांगत होते. लाकूडच आहे, घासले की निघेल, एवढेच त्याचे उत्तर होते. टेबल भरीव सागाचे आहे असे आम्ही सगळेच समजत होतो. प्रत्यक्षात ते प्लायवुडवर सागाचे व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवून केलेले होते आणि असा पापुद्रा पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो. काही मिनिटांतच भुशाचा रंग पालटला, सोनेरी सागाच्या मधोमध तळहाताएवढा फिकट डाग उघडा पडला आणि त्या डागात लाकडाच्या रेषा उभ्याऐवजी आडव्या धावत होत्या, कारण तो खालचा थर होता. पॉलिशचे कितीही हात दिले तरी त्या रेषा लपत नाहीत. ओरखडे मांजरीचे होते, डाग आपला आहे, हे मी दादाला त्याच दिवशी सांगितले. त्याने ते अजून मान्य केलेले नाही.

ओरखड्यावरून हलकेच नख फिरवून पाहा. नख अडत नसेल आणि ओले बोट फिरवल्यावर रेघ क्षणभर नाहीशी होत असेल, तर इजा फक्त पॉलिशला झाली आहे. मग एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकावा. पॉलिश चिकट झाले तर ते लाखेचे आहे, आणि लाखेवर लाखेचाच नवा पातळ हात दिला की दोन्ही एकजीव होऊन रेघ भरून येते. पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पॉलिशच्या बाबतीत तसे होत नाही. नख अडले, तर लाकडाचे तंतू तुटलेले आहेत. तिथे पॉलिश करायचे असल्यास ते आधी करून, पूर्ण वाळल्यावर लाकडाच्या रंगाचे मेण दाबून भरावे, कारण मेणावर पॉलिश नीट धरत नाही. भुसा आणि गोंद कालवून भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मुळीच पटत नाही, कारण वाळलेला गोंद रंग पीत नाही आणि रेघ अधिकच उठून दिसते.

कपाट खरोखर भरीव असेल, तर 220 नंबरचा कागद रेषांच्या दिशेने हलक्या हाताने चालेल. सनमायका असेल, तर यातले काहीही लागू नाही. पॉलिश वाळेपर्यंत मांजरीला त्या खोलीत येऊ देऊ नये, कारण ती पंजे चाटते.

मांजराच्या पंजात गंधग्रंथी असतात, त्यामुळे ते ओरबाडलेल्या जागी पुन्हा पुन्हा येते. त्याच जागेला लागून काथ्याचा दोर गुंडाळलेला भक्कम खांब ठेवावा. आम्ही तो ठेवल्यावर मनीने टेबलाला हात लावलेला नाही. असा खांब आणू या, असे मी टेबल घासण्यापूर्वीच सुचवले होते.