वकिलाला पंचवीस टक्के? आधी पगाराच्या स्लिपवरचे १३५ रुपये बघा

भोसरीहून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान ३५ वर्षांचे, पॉवर प्रेसवर ऑपरेटर, पगार १८ हजार. मार्च २०२५ मध्ये प्रेसखाली उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालकाने खासगी दवाखान्याचं बिल भरलं, वर दीड लाख दिले आणि ‘आता माझं काही मागणं नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. पुढचे तीन महिने ते घरी होते, त्यांचा पगार बुडाला. आता त्याच कंपनीत गेटवर बसवलंय, १२ हजारांवर. ताई ब्लाउज शिवतात, महिन्याला सहाएक हजार सुटतात.

एक वकील त्यांना म्हणतात, कामगार न्यायालयात दावा लावू, १२ लाख मिळवून देतो. आत्ता ४० हजार द्या, निकाल लागला की २५ टक्के. ताई विचारतात, “गंठण मोडून ४० हजार उभे करते, पण २५ टक्के जास्त होतात का?”

पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे. दीड लाखातले ६० हजार बँकेतल्या साहेबांनी ‘हमखास उत्पन्न’ पॉलिसीत घातले. दर वर्षी ६० हजार, १० वर्षं. पॉलिसीचं पुस्तक दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी आलं.

ताई, गंठण मोडू नका आणि वकीलपत्रावर सही करू नका. वकिलाकडे येतोच, पण त्याआधी ही पॉलिसी. ती आधी घेतो, कारण तिचे दिवस मोजलेले आहेत.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती कारण न देता परत करता येते. तुमचं पुस्तक १ ऑक्टोबरला आलं, म्हणजे महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, आणि मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या आहेत. उद्याच विमा कंपनीच्या शाखेत जा. ‘फ्री लूक’ मुदतीत पॉलिसी रद्द करायची आहे, असं दोन ओळींचं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. बँकेतल्या साहेबांना भेटायची गरज नाही. ते तुम्हाला समजावत बसतील आणि दिवस निघून जातील. स्टॅम्प ड्यूटीसारखी किरकोळ रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात.

तुमच्या घरात आज १८ हजार येतात आणि या पॉलिसीला महिन्याचे ५ हजार लागणार. हे त्या साहेबांना दिसत नव्हतं का? दहा वर्षांत ६ लाख भरायचे आणि तेराव्या वर्षापासून वर्षाला ९० हजार, तेही १२ वर्षंच. हिशोब केला तर परतावा पाच टक्क्यांच्याही आत येतो. साधी बँकेतली ठेव याहून बरी. पुढच्या वर्षीचा हप्ता चुकला, आणि तो चुकणारच, तर आधीचे साठ हजारही पूर्ण परत मिळणार नाहीत. बोटं गेलेल्या माणसाच्या भरपाईतून दहा वर्षांचा हप्ता बांधून घेणं याचा मला मनापासून संताप येतो.

आता दावा. तुम्ही पत्रासोबत फेब्रुवारीची पगाराची स्लिप पाठवलीत, पत्रापेक्षा मी तीच जास्त वेळ बघत बसलो. कपातीच्या रकान्यात पीएफच्या खाली एक आकडा आहे: ईएसआय, १३५ रुपये. १८ हजारांचे पाऊण टक्का. ही कपात पत्रात कुठेच नाही, म्हणजे तुमच्या घरात तिची कुणी दखलच घेतलेली नाही. पण तुमच्या यजमानांचा खरा हक्क त्या १३५ रुपयांत आहे.

पगार २१ हजारांपर्यंत असलेला कामगार कर्मचारी राज्य विम्यात, म्हणजेच ईएसआयमध्ये येतो. कामावर इजा झाली तर घरी बसलेल्या दिवसांचा ९० टक्के पगार हा विमा चालवणारं सरकारी महामंडळ देतं. कायमचं व्यंग राहिलं तर कमाईची ताकद जितकी टक्के गेली, त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे देतं. त्यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही, कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

तुमचा आकडा असा. एका हाताची तीन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या अनुसूचीत ३० टक्के धरलेत. १८ हजारांचे ९० टक्के म्हणजे १६,२००, त्याचे ३० टक्के म्हणजे महिन्याला साधारण ४,९००. वर्षाला ५८ हजार, जन्मभर. एवढं ठेवीच्या व्याजातून काढायचं तर सात टक्क्यांनी आठ लाखांच्या वर रक्कम बँकेत हवी. शिवाय बुडालेल्या तीन महिन्यांचे अठ्ठेचाळीसएक हजार वेगळे. आणि हे महिन्याचे पैसे ते गेटवर कामाला आहेत म्हणून बंद होत नाहीत, पगार चालू असतानाही मिळतात.

वकिलांचे १२ लाख कुठून आले, मला कळलेलं नाही. अपघात झाला तेव्हाच्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात पगार जास्तीत जास्त १५ हजार धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणांकाने, पस्तिशीला १९७ ने गुणायचं, आणि त्याचे ३० टक्के. सव्वापाच लाखांच्या आसपास येतात. पण तेही तुम्हाला मिळणार नाहीत. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या राज्य विमा कायदा, १९४८ च्या कलम ५३ प्रमाणे विमा असलेल्या कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडून त्या दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मागताच येत नाही. म्हणजे गंठणाचे ४० हजार ज्या दाव्यावर घालणार, तो दावा मुळात टिकणाराच नाही. राहिले २५ टक्के. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे. स्लिप न बघता आणि नियम मोडून जो फी सांगतो, त्याच्या हाती हे काम देऊ नका.

दुसरी घाई इथे आहे. राज्य विम्याचा दावा देय झाल्यापासून १२ महिन्यांत करायचा असतो. सात महिने गेले. भलत्या न्यायालयात तारखा घेत बसलात तर मार्च उलटेल, मग उशिराची कारणं पटवत बसावं लागेल.

ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. स्लिपवरचा दहा आकडी विमा क्रमांक, दवाखान्याचे सगळे कागद, ऑपरेशनची फाइल, हजेरीचा काही पुरावा आणि तो स्टॅम्प पेपरसुद्धा न्या. मालकाने अपघाताचा फॉर्म १२ भरला होता का, ते विचारा. बहुधा भरलेला नसेल, खासगी दवाखान्यात नेतात ते बऱ्याचदा यासाठीच. मग अपघाताची हकीकत स्वतः लेखी द्या: तारीख, पाळी, मशीन, शेजारी कोण होतं. ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला नसला तरी इतर पुरावा मांडता येतो, मात्र तो मान्य करणं कार्यालयाच्या हातात असतं. त्यासाठी खेटे घालावे लागतील. स्टॅम्प पेपरवरच्या सहीने हा हक्क जात नाही. पैसे कापून मालकाने पुढे भरलेच नसतील, तरी महामंडळ तुम्हाला देऊन त्याच्याकडून वसूल करू शकतं.

यजमानांची गेटवरची नोकरी जाईल ही भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणार. त्या नोकरीची खात्री मी देऊ शकत नाही. एवढंच सांगतो की मालकाने वर्गणी भरली असेल तर हे पैसे त्याच्या खिशातून जायचे नाहीत, आणि हे त्याला शांतपणे सांगता येतं. तो भडकला, तरी १२ हजारांच्या नोकरीसाठी जन्मभराचे ४,९०० सोडू नका असंच मी म्हणेन.

पुढे ईएसआयचं मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवेल. बोटाचा किती भाग उरलाय त्यावर ती ३० च्या खाली येऊ शकते. ती पटली नाही तर तीन महिन्यांत अपील करायचं असतं, आणि तिथे मात्र वकील हवा. त्यालाही गंठण लागत नाही. औद्योगिक कामगाराला आणि दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा.

पॉलिसीचे ६० हजार परत आले की यजमानांच्या आणि तुमच्या जोडखात्यात एका वर्षाच्या ठेवीत ठेवा. दीड लाखातल्या उरलेल्या ९० हजारांचं काय झालं ते पत्रात नाही. उसनवारी फेडली असेल तर ठीकच. पण त्याच साहेबांनी त्यांचंही काही केलं असेल, तर तोही कागद पाठवा, आणि तो महिनाअखेरीच्या आत पाठवा.