गोळी घेतली तर राखण कोण करणार?

"मॅडम, झोपेच्या गोळीची सवय लागते ना हो?" हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. विचारणाऱ्याच्या पर्समध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली पट्टी बहुतेक वेळा असतेच. ती कशी घेता असं विचारलं की लक्षात येतं, गोळीला घाबरणारी माणसंच ती सगळ्यात चुकीच्या पद्धतीने घेत असतात. म्हणून आज सुलभाताईंबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, त्यांची परवानगीही घेतली आहे.

वय 48, पतसंस्थेत नोकरी. दोन महिन्यांपूर्वी यजमानांची बायपास झाली. ते सावरले, सकाळी फिरायलाही जाऊ लागले. यांची झोप मात्र उडाली ती उडालीच. डॉक्टरांनी झोल्पिडेम 5 मिलिग्रॅम, दहा दिवसांसाठी दिली होती. पाच आठवडे उलटले तरी पट्टी संपलेली नव्हती. ताईंनी ती माझ्यासमोर ठेवली. रुमालात गुंडाळलेली, एका खणात अर्धीच गोळी आणि त्यावर चिकटपट्टी लावलेली.

"कधी घेता?"

"अगदीच झोप नाही लागली तर. अडीचच्या सुमाराला, अर्धी. पूर्ण नाही घेत हं."

"आणि उठता किती वाजता?"

"साडेपाचला. डबा असतो ना. पावणेआठला स्कूटर काढते."

मागच्याच आठवड्यात सिग्नल हिरवा होऊनही त्या तशाच उभ्या राहिल्या होत्या. मागचा रिक्षावाला ओरडला तेव्हा भान आलं.

ही गोळी घेतल्यावर सात-आठ तास अंथरुणात मिळणार असतील तरच ती घ्यायची असते. अडीचला घेतलेली अर्धी गोळी रात्री उपयोगी पडत नाही आणि सकाळी डोक्यात उरते. स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम सावकाश बाहेर पडतं, म्हणूनच 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी स्त्रियांसाठीची मात्रा 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणायला लावली. सकाळी गाडी चालवणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असायला हवं.

सवयीची भीती खोटी नाही, हेही मी त्यांना सांगितलं. महिनोन्महिने रोज घेतली तर गोळीचा गुण कमी होतो, मात्रा वाढवावीशी वाटते आणि एकदम थांबवली तर झोप आधीपेक्षा बिघडते. झोल्पिडेम, अल्प्राझोलाम यांसारखी झोपेची आणि चिंतेवरची औषधं 2014 पासून शेड्यूल एच वन या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत आणि मेडिकलवाल्याला त्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते, ती उगाच नाही. पण ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी, थोडेच दिवस घेणं ही गोष्ट वेगळी आहे. तारीख पाहून सुरू करा, तारीख पाहून थांबा.

ताईंना सगळं पटलं. पुढच्या भेटीला आल्या तेव्हा गोळी पुन्हा अडीचलाच घेतलेली होती.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रासामागची समजूत शोधून ती तपासून पाहत, काम करते. माहिती पटूनही वागणं बदलत नसेल, तर खाली कुठलीतरी पक्की समजूत बसलेली असते, हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाने ठाऊक झालंय. मी गोळीचा विषयच सोडून दिला.

"साडेदहाला आडव्या होता. अडीचपर्यंत काय करता?"

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "ऐकत असते."

"काय?"

"यांचा श्वास."

आणि मग आपणहून त्या गावाकडे गेल्या. ज्वारी भरली की त्यांचे वडील रात्री माळ्यावर असायचे. डोळा लागला की रानडुकरं शिरलीच. "मॅडम, मी गोळी घेऊन गाढ झोपले, तर राखण कोण करणार?"

मला अजून तो आवाज आठवतो. पाच आठवडे सगळे जण त्यांना सवयीबद्दल समजावत होते, मीसुद्धा. सवय ही वरची साल होती. ही बाई राखणीवर होती आणि अडीच वाजता तिची पाळी संपत होती!

"ज्वारी वडिलांच्या जागण्याने वाचायची. यजमानांचं हृदय कशाने चालतंय?"

"ऑपरेशनने... औषधांनी."

"आणि तुमच्या जागण्याने?"

डोळे भरून आले. पट्टीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "नाही."

त्या "नाही"नंतर मी काहीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं. ते मला शिकायला फार वर्षं लागली.

पुढचं सोपं होतं. यजमानांच्या हृदयतज्ज्ञांना ताईंनी स्वतः विचारलं, रात्री जागं राहायची गरज आहे का? उत्तर "अजिबात नाही" असं आलं. तरी पहिले काही दिवस मुलगा त्या खोलीत झोपला. मग त्या पुन्हा आपल्या डॉक्टरांकडे गेल्या आणि अर्धी गोळी, अडीचची वेळ, सर्दीसाठी अधूनमधून घेतलेली गोळी, सगळं सांगितलं. हे सांगावंच लागतं. ॲलर्जीच्या काही गोळ्या, गुंगी आणणारी वेदनाशामकं यांनी गुंगी वाढते, आणि दारूबरोबर तर जिवावर बेततं. जोरात घोरत असाल, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर तेही सांगा. सासूबाईंची गोळी आपण घेऊ नये आणि आपली त्यांना देऊ नये, म्हातारपणी रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन हाड मोडतं. जेवण हलकं, गोळी अंथरुणात शिरतानाच. लागली नाही म्हणून दुसरी घ्यायची नाही. महिनाभराहून जास्त रोज घेत असाल तर मनाने बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करून देतील. निद्रानाश तीन महिन्यांपुढे गेला, तर गोळीपेक्षा झोपेच्या सवयींवर काम करणारं समुपदेशन आधी घ्या. आणि जगणं नकोसं वाटत असेल, तर पट्टी घरच्यांच्या हाती देऊन लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.

ताईंनी डॉक्टरांच्या नव्या तारखेप्रमाणे गोळी रात्री साडेदहाला घेतली आणि ठरल्या दिवशी थांबवली. थांबल्यावर दोन रात्री वाईट गेल्या. हे होणार, असं आधीच सांगितलेलं असल्यामुळे त्या घाबरल्या नाहीत, घड्याळही पाहिलं नाही.

शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "परवा रात्री हे उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले होते म्हणे. मला सकाळी चहाच्या वेळी कळलं."