तुमचे प्रश्न: पॉलिसी स्कूलचा रिपोर्ट जातो कुठे?

मागच्या अंकात कलिना, पवई आणि देवनारच्या पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे सरकारी धोरणांच्या अभ्यासाच्या, कोर्सेसबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली, अर्धी तर पालकांचीच. फी आणि कटऑफचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते प्रॉस्पेक्टसमध्ये मिळतं. बाकीच्यांपैकी हे काही.

प्रश्न: मुलगी यंदा पब्लिक पॉलिसीच्या एमएला लागली. आम्हाला वाटलं लायब्ररीत बसून अभ्यास असेल. ही दर आठवड्याला मानखुर्द-गोवंडीला जाते, रात्री उशिरा घरी येते, विचारलं तर म्हणते पाण्याचा सर्वे चाललाय. हा अभ्यास की समाजसेवा? – एक आई, डोंबिवली

ताई, अभ्यासच आहे, आणि माझ्या मते त्या कोर्समधला सगळ्यात कामाचा भाग तोच. पाण्याचंच बघा ना. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी २००० नंतरची आहे, बेकायदा आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही, हवं तर दर जास्त लावा पण पाणी द्या, कारण तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मग महापालिकेचं धोरण आलं, मग २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ आलं. कागदावर विषय संपला. आता वस्तीत जाऊन विचारा की बाई, तुमच्याकडे नळ आहे का. तिथे कळतं की जमीन केंद्र सरकारची असेल तर आधी त्यांची एनओसी पाहिजे, मग अर्जाला कुठले कागद जोडायचे, ते कागद ज्याच्याकडे नाहीत त्याने काय करायचं, पाइप मेन लाइनपासून लांब असेल तर खर्च कुणी करायचा, आणि तोवर हंडा किंवा ड्रम विकत घ्यायचा तो केवढ्याला. कोर्टाचा आदेश आणि नळ यांच्या मधे जे काही अडकतं ना, तेच तुमची मुलगी शिकतेय. स्टॅटिस्टिक्स, अर्थशास्त्र, बजेट वाचणं हे वर्गात होतंच, पण मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर आहे हे पाठ करून काय उपयोग, त्यातलं गोवंडीच्या गल्लीत काय पोचलं ते बघायला गल्लीतच जावं लागतं.

रात्रीची काळजी मात्र रास्त आहे. फील्डवर एकटं पाठवतात की ग्रुपने, आणि निघाल्यावर कुणा शिक्षकांना कळवायची पद्धत आहे का, हे तिला सरळ विचारा. नसेल तर तिने मागणी करावी, यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न: मी मराठी मीडियमचा, साताऱ्याहून आलोय. वर्गात सगळी चर्चा इंग्लिशमध्ये, सीनियर्स ‘इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन’ (योजनेचा परिणाम मोजणं) वगैरे बोलतात आणि मी गप्प बसतो. मी इथे फिट आहे का? – होस्टेलवासी, मुंबई

मित्रा, पहिल्या सेमिस्टरला गप्प बसणारे खूप असतात, त्यातले काही कॉन्व्हेंटचे पण असतात, फक्त ते मान डोलावतात म्हणून कळत नाही. इंग्लिश वाढवावंच लागेल, खोटं सांगत नाही, रीडिंग्ज सगळी त्यातच आहेत. पण तुझ्याकडे काय आहे ते पण बघ. १९६४ च्या राजभाषा कायद्याने राज्याचा कारभार मराठीत, म्हणजे जीआर (शासन निर्णय) मराठीत, फाइलवरची टिपणी मराठीत, सातबारा तर विचारूच नकोस. वर्गातल्या कितीतरी जणांना जीआरमधलं ‘उपोद्घात’ (म्हणजे प्रस्तावना) आलं की धाप लागते.

आणि पुढच्या प्रेझेंटेशनला विषय शोधत असशील तर रोजगार हमी घे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही योजना मोठ्या प्रमाणावर राबवली, वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, कल्पना त्यांची. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि केंद्राचा देशभराचा कायदा यायला २००५ उजाडलं. पैसा कुठून आला हे तर वर्गात आवर्जून सांग. १९७५ साली व्यवसाय कर लावला, म्हणजे आज फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्याच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, पे-स्लिपवर ‘पी. टी.’ लिहिलेलं, तो कर मुळात गावाकडच्या मजुराच्या कामासाठी सुरू झाला. शहराने गावाची मजुरी भरायची हे ठरवणारं राजकारण इथे मराठीत झालंय, त्यावर तू गप्प बसलास तर बोलणार कोण?

प्रश्न: माझा पुतण्या ज्या पॉलिसी स्कूलमध्ये आहे त्यांचं बातमीपत्र मला येतं. दर वेळी तेच, अमुक पाहुणे आले, शाल-श्रीफळ दिलं, माजी विद्यार्थी अमुक कंपनीत लागला. ही बातमी आहे का? आणि बाहेरच्या माणसाला तिथली व्याख्यानं ऐकता येतात का? – निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड

काका, अगदी मनातलं बोललात. नोकरीची बातमी मी समजू शकतो, पुढच्या वर्षीच्या ॲडमिशन त्याच्यावर असतात. पण बुकेचे फोटो? पॉलिसी स्कूलच्या बातमीपत्रात मला वाचायचंय की यंदा पोरांनी कुठल्या मसुद्यावर हरकत पाठवली, कोण त्यांच्याशी असहमत होतं, आणि त्यातलं सरकारने काय घेतलं, काय फेकलं. मुंबईत हे होऊ शकतं हे आपण बघितलंय, २०१५ मध्ये विकास आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती गेल्या, इतक्या चुका निघाल्या की मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेऊन नव्याने करायला लावला, पुढच्या वर्षी सुधारित मसुदा आला. हरकती घेणाऱ्यांत वास्तुरचनाकार होते, संस्था होत्या आणि आपल्या इमारतीवर भलतंच आरक्षण बघून चिडलेले साधे रहिवासी पण होते. असं काही चालू असताना स्कूलच्या बातमीपत्रात दीपप्रज्वलन असेल तर राग येणारच.

व्याख्यानांचं म्हणाल तर बरीच खुली असतात, सूचना बघा, आधी नाव नोंदवा आणि गेटसाठी ओळखपत्र ठेवा. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा जुना अर्थशास्त्र विभाग, जो १९२१ पासूनचा आहे आणि आता मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी म्हणतात, तिथून सुरुवात करा, देवनारला टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे ते मुलुंडहून फार लांब नाही. बँकेत इतकी वर्षं काढलेला माणूस कर्जमाफीच्या चर्चेला पाहिजेच. फक्त प्रश्नाच्या वेळी प्रश्नच विचारा हां, आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी माइक हातात आला की अध्यक्षीय भाषण करतात.

प्रश्न: बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरक्षणावरून भांडण झालं, दोघं ग्रुप सोडून गेले, आता कँटीनमध्ये पण वेगवेगळे बसतात. सीआर (वर्ग प्रतिनिधी) म्हणून मी काय करू? – नाव नको

ग्रुपवर नोटीस आणि टाइमटेबल एवढंच ठेव, वाद समोरासमोर. जे भांडले त्यांना एकाच प्रोजेक्ट ग्रुपमध्ये टाकायला सरांना सांग. माफी वगैरे मागायला लावू नकोस.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी आमच्या ग्रुपने एका सरकारी कार्यालयाला रिपोर्ट दिला, ८० पानी. तेव्हा फोटो काढला, नंतर एक ओळ उत्तर नाही. मार्क्स मिळाले पण बरं वाटत नाही. – शेवटच्या वर्षाचे चौघं

८० पानं कुणी वाचत नाही, आधी हे मान्य करा. दोन पानी मराठी टिपण करा, पहिल्या अर्ध्या पानात नेमकं काय बदलायचं, कुणाच्या अधिकारात येतं आणि खर्च किती, एवढंच. ते घेऊन परत जा, साहेबांकडे नाही, ज्या टेबलावर फाइल असते तिथे जा, आवक क्रमांक, म्हणजे कागद पोचल्याच्या नोंदीचा नंबर, घ्या. तरी काही झालं नाही तर माहिती अधिकार आहेच, १० रुपयांचा अर्ज, महाराष्ट्रात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, त्यात लिहा की अमुक तारखेला आवक झालेल्या अहवालावर काय कार्यवाही झाली ती टिपणीच्या प्रतीसह द्या. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, माहिती अधिकारी तेवढ्यावरून अर्ज निकाली काढतो.

आणि ज्यांच्या घरात बसून, चहा पिऊन तुम्ही मुलाखती घेतल्यात, त्यांना रिपोर्ट दाखवलात का? पत्रात त्याचा उल्लेख नाही.