'वेस्ट कोस्ट मेन लाइन': किनारा नसताना 'कोस्ट' कशी?

प्रश्न असा आहे: लंडन ते ग्लासगो या रेल्वेमार्गाला 'वेस्ट कोस्ट मेन लाइन' म्हणतात, पण तो जातो रग्बी, क्रू, विगन अशा समुद्रापासून आत असलेल्या गावांतून. मग 'कोस्ट' कुठून आली, आणि मराठीत 'पश्चिम किनारपट्टी रेल्वेमार्ग' लिहावं का?

शंका अगदी रास्त आहे. लंडनच्या युस्टन स्थानकापासून ग्लासगो सेंट्रलपर्यंतच्या सुमारे 400 मैलांत ही गाडी समुद्राला खेटून जाते ती एकाच ठिकाणी, लँकेस्टरच्या पुढे हेस्ट बँकजवळ, मोरकमच्या उपसागराकाठी. तेही थोडाच वेळ.

मुळात हा मार्ग एक म्हणून कुणी आखलेलाच नव्हता. 1837 मध्ये ग्रँड जंक्शन कंपनीने बर्मिंगहॅम लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाला जोडलं. पुढच्या वर्षी अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनचा लंडन-बर्मिंगहॅम मार्ग पुरा झाला. लँकेस्टर-कार्लाइल 1846 मध्ये आणि कॅलेडोनियन कंपनीचा कार्लाइलच्या पुढचा मार्ग 1848 मध्ये पूर्ण झाला. तुकडे जुळत गेले आणि लंडनहून थेट स्कॉटलंड गाठता येऊ लागलं.

खराखुरा किनाऱ्याचा मार्ग सुचवला गेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रॉबर्टचे वडील जॉर्ज स्टीफन्सन यांनी मोरकमच्या उपसागरावर बांध घालून कंबरलंडच्या किनाऱ्याने उत्तरेला जायचं सुचवलं होतं. वळसा मोठा, पण चढ टळत होता. शेवटी जोसेफ लॉक या दुसऱ्या अभियंत्याचं म्हणणं टिकलं: लँकेस्टर आणि कार्लाइलच्या मधला शॅपचा डोंगर सरळ चढायचा. शॅपचा माथा 900 फुटांच्या वर, आणि चढाची शेवटची काही मैलं 75 फुटांना एक फूट अशी. जड गाड्यांना मागून रेटा द्यायला चढाच्या पायथ्याशी टीबे स्थानकात जादा इंजिनं तयार असायची. त्यांना 'बँकर'च म्हणत. कर्जतला घाटासाठी मागे लागणाऱ्या इंजिनाला आपण आजही हाच शब्द वापरतो.

म्हणजे किनारा नाकारूनही नावात किनारा राहिला. याचं कारण भूगोलात कमी आणि चुरशीत जास्त आहे. लंडनहून स्कॉटलंडला जायला दोन वाटा झाल्या होत्या: यॉर्क-न्यूकॅसलवरून पूर्वेची, क्रू-कार्लाइलवरून पश्चिमेची. दोन्हीकडे वेगवेगळ्या कंपन्यांची युती. पूर्वेचा मार्ग बेरिकच्या आसपास खरोखरच समुद्राकाठाने धावतो, त्यामुळे 'ईस्ट कोस्ट' तिथे थोडं तरी शोभतं. 'वेस्ट कोस्ट' त्याच्या जोडीला उभं राहिलेलं नाव आहे, अर्थ इतकाच की बेटाच्या पश्चिम अंगाने जाणारी वाट. 1888 मध्ये एडिंबरोपर्यंत आणि 1895 मध्ये ॲबर्डीनपर्यंत दोन्ही गटांनी अक्षरशः शर्यती लावल्या. 22 ऑगस्ट 1895 च्या रात्री युस्टनहून निघालेल्या पश्चिमेच्या गाडीने ॲबर्डीनपर्यंतचे 540 मैल 512 मिनिटांत तोडले! अशा चढाओढीच्या बातम्यांत 'ईस्ट कोस्ट' आणि 'वेस्ट कोस्ट' ही जणू दोन संघांची नावं झाली. त्या काळी 'वेस्ट कोस्ट रूट' म्हणत. शेपटाला 'मेन लाइन' लावलेलं रूप नंतर रुळलं.

आता मराठीचं. 'किनारपट्टी' हा शब्द मी इथे अजिबात वापरणार नाही. आपल्याकडे किनारपट्टी म्हटली की डोळ्यांपुढे कोकण येतं, खाड्या आणि माडांची बनं येतात, आणि वाचक नको तिथे समुद्र शोधू लागतो. विशेषनाम म्हणून 'वेस्ट कोस्ट मेन लाइन' तसंच ठेवावं. पहिल्या उल्लेखात 'लंडन-ग्लासगो हा पश्चिमेकडचा मुख्य रेल्वेमार्ग' एवढी ओळख पुरेशी आहे. 'मेन लाइन' तर भाषांतरायची गरजच नाही. ठाणे-कल्याणकडच्या माणसाला मेन आणि हार्बर यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. मात्र मुंबईविषयीच्या मजकुरातच हे नाव आलं, तर नुसतं 'मेन लाइन' लिहून थांबू नका. पूर्ण नाव द्या.